दुसऱ्याच्या धर्मातलं सत्य कोणाचं?

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण सॉक्रेटिसच्या खटल्यापाशी थांबलो होतो. हा शहराचे देव मानत नाही, असा त्याच्यावर आरोप होता. पुढे साडेपाचशे वर्षांनी रोमन साम्राज्यात हाच आरोप ख्रिस्ती लोकांवर झाला. हे नास्तिक आहेत!

ह्या आरोपाला जस्टिनने उत्तर दिलं. हा पॅलेस्टाइनमधला, आज ज्याला नाब्लस म्हणतात त्या गावचा. स्टोइक, प्लेटोपंथी अशा अनेक गुरूंची दारं ठोठावून तो शेवटी ख्रिस्ती झाला. पण तत्त्वज्ञाचा झगा काही त्याने उतरवला नाही. इ. स. १५५च्या सुमारास त्याने सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून एक निवेदन लिहिलं. तो म्हणतो, तुमच्या देवांच्या बाबतीत आम्ही नास्तिक आहोत, हे कबूल. सॉक्रेटिसही तसाच होता. ईश्वरी बुद्धीचं, म्हणजे ‘लोगोस’चं बीज सगळ्याच माणसांत पेरलेलं आहे, आणि त्या बुद्धीने जे जगले ते ख्रिस्ताच्या आधीचे असले तरी ख्रिस्तीच!

ऐकायला किती उदार वाटतं, नाही? पण जरा थांबा. मिथ्रास देवाच्या दीक्षाविधीत भाकरी आणि पाण्याचा पेला असे. आपल्या प्रभुभोजनासारखाच हा विधी दिसतो, हे जस्टिनच्याही लक्षात आलं. मग इथेही बीज सापडलं का? नाही. दुष्ट आत्म्यांनी केलेली ही नक्कल आहे, असं तो सांगतो. म्हणजे हिशेब असा झाला : दुसऱ्याकडे जे खरं ते मुळात आमचं, आणि जे खोटं ते सैतानाचं. मग त्या दुसऱ्याचं स्वतःचं असं उरलं काय?

आता कार्थेजच्या टर्टुलियनकडे वळू. हा जस्टिनपेक्षा पुष्कळ कडक. अथेन्सचा आणि जेरुसलेमचा संबंधच काय, असं विचारणारा. मूर्तिपूजेत त्याला सत्याचा कण दिसत नाही. पण गंमत बघा. इ. स. २१२च्या सुमारास आफ्रिकेचा प्रांताधिकारी स्कॅपुला ह्याला लिहिताना हाच टर्टुलियन म्हणतो की, आपल्या मनाला पटेल त्याची उपासना करणं हा माणसाचा स्वाभाविक हक्क आहे. धर्माची सक्ती करणं हे धर्माचं काम नव्हे. ज्याला दुसऱ्याचा धर्म साफ खोटा वाटतो, तो हे लिहितो!

पुढे काळ उलटला. इ. स. ३८४ साली रोमच्या सिनेटमधली विजयादेवीची वेदी परत बसवावी, अशी विनंती सिम्माकस ह्या जुन्या धर्माच्या सरदाराने सम्राटाकडे केली. एवढ्या मोठ्या रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही, हा त्याचा मुद्दा. मिलानचे बिशप अँब्रोज ह्यांनी विरोध केला. वेदी बसवलीत तर चर्चमध्ये याल, पण धर्मगुरू भेटणार नाही, अशी तंबीच त्यांनी त्या कोवळ्या वयाच्या सम्राटाला दिली. विनंती फेटाळली गेली. दोन शतकांच्या आत मागणारे आणि देणारे ह्यांच्या जागा बदलल्या होत्या, आणि टर्टुलियनने मांडलेला हक्क त्याच्याच वारसांना आठवला नाही.

मला आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवून इथे एक गोष्ट कळली, ती सांगतो. आपण समजतो की, दुसऱ्याच्या धर्मात थोडंफार सत्य आहे असं मानलं की सहिष्णुता आपोआप येते. पण ते ‘थोडंफार’ मोजणार कोण? माप तर आपल्याच हातात राहतं. ‘तुझं खरं आहे का?’ हा एक प्रश्न, आणि ‘तुला तसं जगू द्यायचं का?’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तरी दुसऱ्याचं ‘हो’ देता आलं पाहिजे. टर्टुलियनला ते देता आलं, हे खरं. पण तेव्हा सत्ता त्याच्या हातात नव्हती, हेही तितकंच खरं. खरी परीक्षा सत्ता हातात आल्यावर होते.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.