गांजा आणि वेड

वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवहींत वेडाच्या कारणाचा एक रकाना असे. आणि तो बहुधा वैद्याच्या परीक्षेवरून नव्हे, तर रोग्यास आणून सोडणाऱ्या पोलिसांच्या माहितीवरून भरला जाई. रोगी गांजा ओढणारा निघाला कीं कारण सांपडलें! आमच्या वऱ्हाडांत, मालेगांव-वाशिमकडे, अद्यापि हाच न्याय ऐकूं येतो. 1893-94 च्या हेम्प ड्रग्ज कमिशननें मात्र 1892 सालचे दाखले एकेक करून तपासले. 222 रोग्यांच्या वेडाचें खापर गांजा-भांगेवर फोडलेलें होतें. चौकशीअंतीं त्यांपैकीं फार तर 98 टिकले. वेड आधीं कीं व्यसन आधीं, हा खरा प्रश्न तेथें निघाला होता.

पण उपचारांत दोघांची ताटातूट राहिली ती राहिलीच. 1986 सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांतच ‘मुक्तांगण’ काढलें, ही गोष्ट मला म्हणूनच मोठी वाटते. 2017 च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानें तर मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशीं निगडित मानसिक अवस्था मनोरोगाच्या व्याख्येंतच घातल्या. उदासीनतेनें ग्रासलेला मनुष्य दारूनें झोंप आणतो. दारू तोडली व उदासी तशीच ठेविली, तर तो पुनः गुत्त्याची वाट धरतो.