अवटू ग्रंथीच्या कर्करोगातील जनुकीय बदल

गळ्याच्या पुढील भागातील अवटू (थायरॉईड) ग्रंथीच्या कर्करोगात पेशींच्या जनुकांमध्ये आढळणारी उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएच्या क्रमातील कायमचे फेरफार. सर्वाधिक आढळणाऱ्या पॅपिलरी प्रकारात सुमारे निम्म्या रुग्णांत बीआरएएफ जनुकाचा व्ही६००ई हा बदल असतो. त्यात प्रथिनाच्या ६०० व्या स्थानी व्हॅलीनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते, पेशीला वाढीचा संदेश अखंड मिळत राहतो आणि आयोडीन पेशीत ओढून घेणारे वाहक प्रथिन घटते. मुंबईत परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने भारतात रुजवलेला किरणोत्सारी आयोडीनचा उपचार याच वाहकावर विसंबून असल्याने अशा रुग्णांत तो कमी परिणामकारक ठरू शकतो.

तथापि एवढ्याच बदलावरून रोगाचे भवितव्य वर्तवणे उतावीळपणाचे होय, कारण असे बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ जगतात. त्याच्या जोडीला टर्ट जनुकाच्या प्रवर्तक भागातील (जनुक केव्हा कार्यरत व्हावे हे ठरवणाऱ्या भागातील) बदल असल्यास मात्र रोग उलटण्याची व मृत्यूची जोखीम ठळकपणे वाढते. फॉलिक्युलर प्रकारात रास जनुकांतील बदल अधिक दिसतात. अत्यंत घातक ॲनाप्लास्टिक प्रकारात टीपी५३ जनुक अनेकदा निकामी झालेले असते. त्यातील व्ही६००ई असलेल्या रुग्णांसाठी डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब या जोडऔषधांना अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

जनुकचाचणीचा सर्वांत थेट लाभ मेड्युलरी प्रकारात होतो: रेट जनुकातील आनुवंशिक दोष कुटुंबातील मुलांत आढळल्यास कर्करोग होण्यापूर्वीच ग्रंथी काढून टाकता येते.