आलं का?

दूरदर्शनचा इतिहास लिहिणाऱ्या सगळ्या मंडळींनी टीव्ही खुर्चीत बसून पाहिलेला असावा, असा माझा एक जुना संशय आहे. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं, २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई केंद्र आलं, १९७६च्या १ एप्रिलला एकत्र कुटुंबातल्या धाकट्या भावानं चूल वेगळी मांडावी तसं दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं निघालं, १९८२ साली रंग आले... हे सगळं त्यांनी नीट लिहून ठेवलं आहे. पण हे चित्र आपल्या पडद्यापर्यंत यावं म्हणून त्या वेळी गच्चीवर कोण उभं होतं, याबद्दल अवाक्षर नाही. निदान सदाशिव पेठेतल्या एका वाड्यापुरती ही उणीव आपण भरून काढावी म्हणून हा खटाटोप.

पुण्याला तेव्हा स्वतःचं केंद्र नव्हतं. मुंबईचे कार्यक्रम उचलून आमच्या अंगावर टाकणारं सहक्षेपण केंद्र १९७३ साली सिंहगडावर उभं राहिलं. जागा नामी होती. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला तर वळसा घालून जाण्याइतकी अक्कल त्यांना नसते. तेव्हा उंच जागी मनोरा ठोकावा, म्हणजे सगळा मुलूख नजरेत राहतो. हे तत्त्व किल्ले बांधणाऱ्यांना काही शतकं आधीच समजलेलं असल्यामुळे सरकारला जागा शोधत फार हिंडावं लागलं नसावं. तर तेव्हापासून शहरातल्या एकूण एक अँटेना नैऋत्येला तोंड करून सिंहगडाला हात जोडून उभ्या राहिल्या. 'चित्र आलं पण आवाज गेला,' हे वाक्य आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी उच्चारलं जाई. सिंहगडाच्या बाबतीत ते बोलताना पुणेकराचा गळा उगाचच दाटून येतो.

आमच्याकडे टीव्ही आला १९७८ साली. अण्णांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं होतं. वीस इंची, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी पेटी नि तिला सरकतं शटर. शटरला कुलूप होतं आणि किल्ली आईच्या मंगळसूत्रात. वर्षाला पन्नास रुपये लायसन्स पोस्टात भरावं लागे. (ही लायसन्सची भानगड १९८०च्या दशकाच्या मध्यात कायमची गेली. अण्णांनी ते पुस्तक मात्र रेशनकार्डाच्या शेजारी पुढे पंचवीस वर्षं जपलं. न जाणो, सरकारनं मागची बाकी काढली तर?) शनिवारी मराठी सिनेमाला, रविवारी हिंदी सिनेमाला आणि 'छायागीत'ला सगळा वाडा आमच्या खोलीत. 'आमची माती आमची माणसं'लासुद्धा लोक येत. वाड्यात माती म्हणाल तर तुळशीवृंदावनापुरती होती, पण टीव्ही चालू आहे म्हटल्यावर खतांचं प्रमाणही लोक मन लावून पाहत.

मी त्या वेळी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होतो. त्यामुळे घरात श्रमविभागणी आपोआप झाली. शास्त्र माझ्याकडे, गच्ची अण्णांकडे. मी टीव्हीसमोर बसून चित्राचं परीक्षण करायचं, ताईनं जिन्यात उभं राहून माझं म्हणणं वर पोचवायचं आणि अण्णांनी कौलांच्या कडेला असलेल्या दहा बाय आठच्या गच्चीवर अँटेनाचा पाइप फिरवायचा.

"आलं का?" वरून.

"आलं का म्हणतायत!" जिन्यातून.

"आलं आलं! गेलं! अरे, मागे घ्या म्हणावं!"

'आलं' वर पोचेपर्यंत अण्णांनी पाइप पुढे ढकललेला असायचा आणि 'गेलं' पोचेपर्यंत तो पुन्हा जागेवर आलेला असायचा. मग 'गेलं' ऐकून ते पुन्हा हलवत. खबर उशिरा पोचली की कुठलीही यंत्रणा स्थिर होत नाही, सारखी डोलत राहते, असा एक धडा आम्हाला दुसऱ्या वर्षाला होता. तो मला एका वाचनात समजला याचं मास्तरांना फार नवल वाटलं. एकदा तर मी घसा फोडून "राहू दे!" म्हणालो, ते जिन्यातल्या घुमाऱ्यातून वर "जाऊ दे" असं पोचलं. अण्णा खाली आले, पाय धुतले आणि बुधवारचा पेपर घेऊन बसले.

या अँटेनाचं खरं नाव यागी-उदा अँटेना. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातल्या हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या दोघांनी ती १९२६च्या सुमारास जगापुढे ठेवली. प्रयोगांचं पुष्कळसं काम उदांनी केलेलं. यागी हे प्राध्यापक. त्यांनी परदेशात जाऊन इंग्रजीत भाषणं केली, लेख लिहिला. झालं! जग तिला यागी अँटेना म्हणायला लागलं. मराठीत तर बिचाऱ्या उदांची आणखीच पंचाईत. 'उदा.' म्हटलं की आपण पुढे उदाहरणाची वाट पाहत बसतो.

यागींचीही कथा काही फार सुखाची नाही. स्वदेशात त्या काड्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. १९४२मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतलं, तेव्हा ब्रिटिश रडारशी संबंधित कागदांत त्यांना 'यागी' हा शब्द पुन्हा पुन्हा दिसला. हा कुठला सांकेतिक शब्द, म्हणून त्यांनी एका ब्रिटिश कैद्याला विचारलं. तो कैदी चकित होऊन म्हणाला, की हे तर तुमच्याच प्राध्यापकाचं नाव! पिकतं तिथे विकत नाही ही म्हण जपानी भाषेत आहे की नाही ते मला ठाऊक नाही, पण त्या अधिकाऱ्याला तिची फार गरज पडली असणार.

या अँटेनात मधली दुमडलेली काडी तेवढी वायरला जोडलेली असते. पुढच्या आखूड काड्या लहरींना वाट दाखवतात. सगळ्यांत मागे एक लांब काडी असते. ती कशालाच जोडलेली नसते. पाठीमागे उभं राहायचं आणि निसटून जाणाऱ्या लहरी पुन्हा पुढे पाठवायच्या, एवढंच तिचं काम. ती काढली तर चित्र फिकं पडतं.

माझ्या विद्वत्तेचा कळस म्हणजे आमच्या टीव्हीवरचं भूत. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या उजव्या खांद्याला लागून दुसऱ्या पुसट बाई दिसत. दोघी एकाच वेळी नमस्कार करीत. लहर सरळ येते ती पहिली बाई. तीच लहर कुठल्या तरी भिंतीवर आपटून जरा उशिरा येते ती दुसरी. मी पडद्यावर फूटपट्टी लावली. भूत एक सेंटिमीटर सरकलेलं. आपल्याकडच्या चित्रात ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रं. एका रेघेचा दिसणारा भाग काढायला ५२ मायक्रोसेकंद लागतात, पडद्याची रुंदी चाळीस सेंटिमीटर. म्हणजे एक सेंटिमीटरला १.३ मायक्रोसेकंद, आणि तेवढ्या वेळात लहर जवळजवळ चारशे मीटर जाते. म्हणजे ती आपल्याला ओलांडून दोनशे मीटर पुढे जाते, आपटते आणि दोनशे मीटर परत येते! मी गच्चीवर जाऊन सिंहगडाकडे पाठ केली. लक्ष्मी रोडच्या दिशेला, बरोबर तेवढ्याच अंतरावर, नवी पाच मजली इमारत उभी. युरेका!

अण्णांनी माझं गणित शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "छान. मग आता ती पाडायची का?"

पडद्यावर येणाऱ्या मुंग्यांबद्दलही मी घरात ज्ञान वाटलं होतं. पेन्झियस आणि विल्सन या दोघांना १९६४मध्ये अमेरिकेत आपल्या अँटेनातली खरखर काही केल्या जाईना. आत कबुतरं राहत होती. त्यांनी कबुतरं हाकलली, शीट खरवडून काढली, तरी खरखर तशीच. ती विश्वाच्या जन्मापासून उरलेली ऊब निघाली आणि १९७८मध्ये दोघांना नोबेल मिळालं. टीव्हीवरच्या मुंग्यांतली शंभरातली एखादी मुंगी त्याच जातीची असते. आमच्या अँटेनावर कावळे बसत. आईनं विचारलं, "विश्वाचं राहू दे. 'गजरा' दिसणार आहे का?"

आता १९८३कडे येतो. खरं तर टाळतच होतो.

त्या वर्षी वळवाच्या पावसात अँटेनाच्या पाइपाचा लोखंडी क्लॅम्प तुटला. अण्णांनी तात्पुरती दोरी बांधली नि मला म्हणाले, "येताना बोहरी आळीतून एक क्लॅम्प आण." मी नोकरीला लागून वर्ष झालं होतं, रोज सायकलनं बोहरी आळीवरूनच जायचो. दोन-तीन रुपयांची वस्तू. पण मी त्या दिवसांत टीव्हीसाठी घरच्या घरी बूस्टर बनवण्याच्या नादात होतो. ट्रान्झिस्टर आणले, कॉइलची तार आणली, क्लॅम्प राहिला. अण्णांनी तीनदा आठवण केली. चौथ्यांदा केली नाही.

२५ जून, शनिवार. लॉर्ड्सवर वर्ल्ड कपची फायनल. दुपारी साडेतीनपासून खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आपला सगळा संघ १८३ धावांत आटोपला, तेव्हा खालच्या काकांनी चपला शोधायला सुरुवात केली होती. मग रात्र झाली, वेस्ट इंडीजची फलंदाजी सुरू झाली, रिचर्ड्स आला आणि त्यानं चौकार मारायला सुरुवात करायला आणि इकडे वारा सुटायला एकच गाठ पडली. दोरी सैल झाली. पडद्यावर मुंग्या.

अण्णा छत्री घेऊन वर गेले. बारीक पाऊस होता. त्यांनी पाइप धरला आणि चित्र असं लख्ख आलं, की पाच वर्षांत तसं आलं नव्हतं. "दोरी बांधून या खाली!" मी ओरडलो. त्यांनी दोरी बांधली, दोन पायऱ्या उतरले, की मुंग्या. पुन्हा वर गेले, पुन्हा लख्ख. तिसऱ्या वेळी मला शास्त्र उमगलं: बरोबर मागे उभा असलेला माणूस, हातात लोखंडी काड्यांची छत्री. अण्णा स्वतःच मागची काडी झाले होते. ही उपपत्ती मी मोठ्या आनंदानं खोलीत जाहीर केली. कुणीतरी ओरडलं, "मग त्यांना म्हणावं, आता हलू नका!"

आणि ते हलले नाहीत. आई मात्र दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आली. वीजबीज कडाडली तर काय, म्हणाली. मी जातो असं म्हणायला मी उठलो होतो, हे खरं आहे. मदनलाल चेंडू टाकायला निघाला होता, म्हणून टेकलो, हेही खरं आहे.

ताईला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या रात्री जिन्यातून वर बातम्या पोचवण्याचं काम तिचं होतं.

"अण्णा, रिचर्ड्स गेला!"

"कुणी पकडला?"

"कपिलनं!"

"कसा?"

"मागे मागे पळत गेला... आणि घेतला!"

"अगं हो, पण कसा?"

ताई आमच्यात नाचायला आली होती. त्या 'कसा'ला कुणी उत्तर दिलं नाही.

मध्यरात्रीच्या सुमाराला अमरनाथनं होल्डिंगला पायचीत केलं, वेस्ट इंडीज १४०, आपण ४३ धावांनी जिंकलो. अण्णा खाली आले ते भिजलेले, हात पाइपाच्या गंजानं लाल. आईनं टॉवेल दिला. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. त्यांनीच सुरुवात केली. म्हणाले, "वरून काय फटाके दिसत होते! सगळ्या पेठा उजळल्या होत्या." थोड्या वेळानं म्हणाले, "पलीकडच्या वाड्याच्या गच्चीवर पण एक गृहस्थ उभे होते, पाइप धरून. ओळख नाही. आम्ही एकमेकांना हात केला."

सोमवारी मी क्लॅम्प आणला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. रंगीत टीव्ही आला, रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की रस्ते ओस पडायला लागले, १९९१-९२मध्ये केबल आली आणि अँटेना नुसती कावळ्यांना बसायला उरली. वाडा पडला तेव्हा अण्णांनी ती भंगारात घालू दिली नाही. तिच्या काड्या नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत घेवड्याच्या वेलाला लावल्या. घेवडा मात्र सिंहगडाकडे तोंड करून कधीच वाढला नाही.

२०२१च्या ऑक्टोबरअखेरीस दूरदर्शननं जुन्या पद्धतीची बरीच प्रक्षेपणं बंद केली. ती बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. ते अठ्ठ्याऐंशीचे होते. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी मोबाइलवर ती फायनल शोधली आणि रिचर्ड्सचा तो चेंडू लावून त्यांच्या हातात दिला. कपिल वळला, पाठमोरा धावत गेला, खांद्यावरून वर पाहत पाहत. अण्णांनी चष्मा सारखा केला.

"असा होय," म्हणाले.

मी पुन्हा लावून दिला. त्यांनी पुन्हा पाहिला. मोबाइल थोडा लांब धरला, जवळ धरला, जरा तिरका करून पाहिला.

"चित्र जरासुद्धा हलत नाही रे," अण्णा म्हणाले. "वर कोण आहे?"