पदवीनंतरची पाठशाळा

पेढीवर नव्याने आलेल्या गुमास्त्याच्या हाती पहिल्याच दिवशी कोणी तिजोरीच्या किल्ल्या देत नाही. काही महिने त्याने जुन्या मुनिमाशेजारी बसावे, माल ओळखावा, चूक झाल्यास तेथल्या तेथे दुरुस्त करून घ्यावी, ही व्यापारातील परंपरागत रीत आहे. जेथे मालाचा नव्हे, तर मनुष्याच्या प्राणांचा प्रश्न असतो, त्या वैद्यकीय क्षेत्रात मात्र ही रीत रुजावयास फार काळ लागला. ब्रिटनचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण होऊन नाव नोंदविले की डॉक्टरास स्वतंत्रपणे व्यवसाय करता येत असे. रुग्णालयातील उमेदवारी ऐच्छिक होती. १९४४ साली गुडइनफ समितीने ही उमेदवारी सक्तीची करावी अशी शिफारस केली. त्यानुसार १९५० च्या वैद्यकीय कायद्यान्वये १९५३ पासून रुग्णालयात एक वर्ष सेवा केल्यावरच पूर्ण नोंदणी मिळू लागली.

कायदा झाला, परंतु नव्या डॉक्टरास शिकवावयाचे कोणी व केव्हा, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. एका ज्येष्ठ डॉक्टराच्या पथकात राहून जे दिसेल ते आत्मसात करावयाचे, अशी पद्धत होती. गुरू कळकळीचा लाभला तर शिष्याचे भाग्य. अन्यथा मध्यरात्री वॉर्डातील अनुभवी परिचारिका हीच त्याची शिक्षिका. काहींचा कामाचा आठवडा शंभर तासांचा असे. नावाला तो शिकाऊ होता. प्रत्यक्षात रुग्णालयाचा गाडा त्याच्याच खांद्यावर चालत होता.

१९९१ मध्ये कामाच्या तासांवर आठवड्यास अधिकाधिक ७२ तासांची मर्यादा ठरविण्यात आली आणि युरोपीय नियमांनुसार २००९ पर्यंत ती सरासरी ४८ तासांवर आली. थकव्याने होणाऱ्या चुका टाळण्यासाठी हे आवश्यकच होते. मात्र पाळ्या सुरू झाल्या, जुनी पथके विस्कळीत झाली आणि गुरुशिष्यांची नित्याची गाठभेट दुर्मीळ झाली. शिक्षण आपोआप होईल, हा भरवसा आता ठेवता येईना.

२००२ साली तत्कालीन मुख्य वैद्यकीय अधिकारी सर लियाम डोनाल्डसन यांनी कनिष्ठ डॉक्टरांच्या प्रशिक्षणातील त्रुटी आपल्या अहवालात मांडल्या. त्यातून २००५ मध्ये दोन वर्षांचा पायाभूत प्रशिक्षणक्रम देशभर सुरू झाला. सामान्यतः चार-चार महिन्यांच्या सहा नेमणुका, प्रत्येकास एक मार्गदर्शक, रुग्ण तपासताना प्रत्यक्ष निरीक्षण करून लगेच दिलेला अभिप्राय आणि शिकविण्यासाठी राखून ठेवलेला वेळ, अशी त्याची रचना झाली. काही रुग्णालयांत त्या तासापुरता नव्या डॉक्टराचा पेजर दुसरा सहकारी सांभाळतो. गोष्ट किरकोळ वाटेल; परंतु त्याविना राखीव तास कागदावरच राहतो.

ब्रिटनमध्ये नवे डॉक्टर ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी रुजू होतात. २००० ते २००८ या काळातील सुमारे तीन लाख तातडीच्या रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जुलैच्या अखेरच्या बुधवारी दाखल झालेल्यांच्या तुलनेत ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी दाखल झालेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे ६ टक्क्यांनी अधिक आढळली. त्याचे कारण त्या अभ्यासातून निश्चित झाले नाही. तथापि नव्यांच्या पूर्वतयारीकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. २०१२ पासून रुजू होण्यापूर्वी किमान चार दिवस जुन्या डॉक्टरासमवेत राहून काम पाहणे आवश्यक करण्यात आले. गुमास्त्याने मुनिमाशेजारी बसण्याचीच ही रीत होय.

सर जॉन टेंपल यांच्या २०१० च्या अहवालाचा निष्कर्षही मननीय आहे. ४८ तासांच्या आठवड्यातही उत्तम प्रशिक्षण देता येते. मात्र शिकाऊ डॉक्टरांवर रात्रीचा भार पुरेशा देखरेखीविना टाकल्यास ते साध्य होत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. केवळ तास वाढवून वा घटवून शिक्षण सुधारत नाही; शेजारी कोणी ज्येष्ठ उभा आहे की नाही, यावर ते ठरते.

आपल्या देशातही पदवी परीक्षेनंतर बारा महिन्यांची आंतरवासिता अनिवार्य आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमावलीत कामाची नोंदवही ठेवणेही बंधनकारक करण्यात आले. परंतु वही भरली म्हणजे विद्या आली असे नव्हे. समाजाच्या दानातून रुग्णालयाची इमारत उभी राहते, यंत्रे येतात, कोनशिलेवर नावे कोरली जातात. शिकविण्यासाठी राखलेल्या तासावर कोणाचेही नाव कोरता येत नाही. तरीही मध्यरात्री दाखल होणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने त्या तासाचे मोल इमारतीहून कमी नाही, याचे भान रुग्णालये चालविणाऱ्यांनी व त्यांना साहाय्य करणाऱ्यांनी ठेवणे अगत्याचे आहे.