वारा पडतो तेव्हा



गेल्या ऑगस्टमध्ये चेसापीक उपसागरात एका स्नेह्याच्या शिडाच्या होडीतून आम्ही फिरत होतो. दुपारी वारा पडला. शीड लोंबकळू लागले. दहा वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, इंजिन का नाही लावत?" मी म्हटले, "थोडं थांब. पाणी बघ." तासाभरात दूरवर पाण्याचा रंग किंचित गडद झाला की तिकडून झुळूक येते, हे त्याचे त्यालाच कळू लागले. मला मात्र कोकण आठवत होते.

कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळा सरला की वाऱ्याचे एक वेळापत्रक सुरू होते. रात्री जमीन समुद्राहून लवकर निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा वाहतो. तो 'मतलई'. दुपारी जमीन तापली की वारा उलटतो. तो 'खारा वारा'. मतलईवर बाहेर पडायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर परतायचे, हा शिडाच्या होड्यांचा जुना रिवाज. दोन्हींच्या मध्ये वारा पडतो, तेव्हा वाट पाहायची.

कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने हे मंद वारेच हत्यार केले. वारा पडला की युरोपियनांची अवजड जहाजे जागीच डुलत राहत. आंग्र्यांच्या गलबतांना मात्र चाळीस-पन्नास वल्ही असत. ताशी सुमारे ४ मैलांच्या वेगाने ती मोठ्या गुराबांनाही ओढत नेत आणि शत्रूला पिछाडीकडून गाठत, कारण तिथे तोफा कमी.

पण वारा कोणा एकाचा नसतो. १७५५ मध्ये कंपनीच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांशी संगनमत करून सुवर्णदुर्गावर चाल केली. कान्होजींचे पुत्र तुळाजी यांची जहाजे निसटली. वारा अगदी मंद होता. रॉबर्ट ऑर्म हा इंग्रज इतिहासकार लिहितो, की त्या खलाशांनी अवजड सामान समुद्रात फेकले आणि प्रत्येक झुळूक पकडण्यासाठी अंगावरचे कपडे, गोधड्या, डोक्यावरची पागोटीसुद्धा शिडांसारखी पसरली. संध्याकाळ होताच जेम्सने पाठलाग सोडला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गाच्या बंदरात हे आरमार जळाले. मराठ्यांच्या मदतीने मराठ्यांचेच आरमार बुडाले, हे शिकवताना मला दर वर्षी जड जाई.

त्या दिवशी नातवाला मी पागोट्यांची गोष्ट सांगितली. त्याने लगेच स्वतःचा टीशर्ट काढून वाऱ्यावर धरला! होडी काही हलली नाही, पण आम्ही सगळे खूप हसलो. चारच्या सुमारास पाणी गडद झाले, शीड भरले. "हा मतलई का?" त्याने विचारले. "नाही रे, हा खारा. मतलई पहाटेचा."

आपली मुले शाळेत 'लँड ब्रीझ' शिकतातच. त्यांच्याजवळ 'मतलई'ही असू द्या. तुमच्या घरात कोणी कोकणातले वडीलधारे असतील, तर त्यांना वाऱ्यांची नावे विचारा आणि पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. आमच्या पिढीबरोबर ती जाऊ नयेत.