डबलसीट जाताय? आधी मागचे शॉकअप बघा
कोल्हापूर : जोतिबा डोंगर असो की गगनबावड्याचा घाट, मागे माणूस बसला की गाडी मागं दबते. हेडलाइट वर उठतो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला जवळचा खड्डा दिसत नाही.

बऱ्याच गाड्यांच्या मागच्या शॉकअपला स्प्रिंगच्या टोकाशी पाच खाचांची रिंग असते. गाडी मेन स्टँडवर लावून पान्यानं रिंग एक-दोन खाचा पुढं फिरवली की स्प्रिंग आवळते. दोन्ही बाजूंची खाच सारखीच ठेवावी. मागच्या टायरात डबलसीटची हवा भरावी.

एकट्यानं जाताना रिंग परत सैल करावी, नाहीतर गाडी उडते. शॉकअपमधून ऑइल गळत असेल तर रिंग फिरवून उपयोग नाही, मेस्त्रीला दाखवावं. कायद्यानं मागे एकच माणूस, आणि हेल्मेट दोघांनाही.