लाखेच्या तबकडीवरचे गाणे



आज मी आपल्याशी गाण्याविषयी बोलणार आहे. पण सुरुवात मात्र किड्यापासून करणार आहे. भंडारा जिल्ह्यातले, मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी नावाजलेले. तिथल्या माणसाला किड्याचे मोल सांगायला नको. ऐन-अर्जुनाचा पाला खाऊन वाढलेला किडा आपल्याभोवती कोसा करतो आणि त्याच्या धाग्याचे लुगडे होते. पण आपल्या रानात पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर आणखी एक किडा राहतो. तो लाखेचा किडा. अंगाने अगदी बारीक. फांदीतला रस शोषून तो अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतो. ते कवच म्हणजेच लाख.

लाखेच्या बांगड्या आपल्याला ठाऊक आहेत, पार्सलावर मारलेली लाखेची मोहरही ठाऊक आहे. परंतु सुमारे पन्नास वर्षे साऱ्या जगाचे गाणे या लाखेवर कोरले जात होते, ही गोष्ट थोड्यांनाच माहीत असते.

फांदीवरची लाख खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पत्रे ओढतात. त्याला चपडा म्हणतात. एमिल बर्लिनर नावाच्या गृहस्थाने अमेरिकेत सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला. आधी तबकडी कठीण रबराची करून पाहिली, पण ती नीट उतरेना. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चपडा लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचे मिश्रण तापवून, साच्यात दाबून तबकड्या होऊ लागल्या. हीच आपली जुनी काळी रेकॉर्ड. मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे गाणे, आणि हातून पडली की टकळे! यासाठी लागणारी लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जात असे. छोटा नागपूरचा पट्टा तिचे मोठे आगर. आणि आपल्या भागात गोंदिया ही लाखेची पेठ. १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते, हे आपल्याला आठवत असेलच.

आता या तबकडीवर अमेरिकेत कोणते गाणे उतरले ते पाहू.

अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाचे मोठमोठे मळे होते. तिथे आफ्रिकेतून धरून आणलेली काळी माणसे गुलाम म्हणून राबत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण दारिद्र्य आणि अपमान संपले नाहीत. माणूस मळेवाल्याच्या कर्जात आणि कापसाच्या शेतातच राहिला. या माणसांच्या गाण्याला ब्लूज म्हणतात. त्याची बांधणी फार साधी आहे. गाणारा एक ओळ म्हणतो, बहुधा तीच पुन्हा म्हणतो, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. आपल्याकडे धानाच्या रोवणीला एकीने ओळ टाकावी आणि बाकीच्यांनी ती उचलावी, किंवा शाहिरामागे झीलकऱ्यांनी झील धरावी, तशी ही रीत. फरक इतकाच की तिथे झील धरण्याचे काम पुष्कळदा हातातली गिटार करते.

असले गाणे तबकडीवर घ्यावे असे कंपन्यांना फार दिवस वाटलेच नाही. काळे लोक गरीब, ते रेकॉर्ड कशाला विकत घेतील, असा त्यांचा हिशेब. १९२० च्या ऑगस्टमध्ये मेमी स्मिथ नावाच्या कृष्णवर्णीय गायिकेने न्यूयॉर्कमध्ये एक ब्लूज गायिले आणि हा हिशेब पार चुकला. ती तबकडी तुफान खपली. मग कंपन्यांनी काळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या माळाच काढल्या. गाणाऱ्याच्या हातावर मात्र पुष्कळदा ठरावीक किरकोळ रक्कम पडे.

तबकडी खेड्यापाड्यांत पोचली कशी? दुकाने लांब. टपालाने मागवावी तर पैसे आधी हवेत. येथे एक सुंदर गोष्ट घडली. लांब पल्ल्याच्या आगगाड्यांत उतारूंची अंथरुणे घालण्याचे, सामान उचलण्याचे काम कृष्णवर्णीय कामगार करीत. ते शहरातून नव्या तबकड्या घेत आणि दक्षिणेकडच्या स्टेशनांवर आपल्या लोकांना नेऊन देत. ज्याच्या घरी चावीचा फोनो असे त्याच्याकडे शेजारी जमत. एकाची तबकडी, दुसऱ्याचा फोनो आणि ऐकणारी सारी आळी, असा तो मामला. आपल्याकडे लग्नात कर्ण्याचा फोनो वाजे तेव्हा काय गर्दी होई, हे जुनी माणसे सांगतीलच.

ब्लूजचेच भावंड म्हणजे जॅझ. ते न्यू ऑर्लीन्स या बंदराच्या शहरात वाढले. जॅझची पहिली तबकडी १९१७ सालची. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदाच्या तबकड्या निघाल्या आणि त्यात लुई आर्मस्ट्राँग नावाच्या तरुणाचा कॉर्नेट जगाने प्रथम ऐकला. जॅझमध्ये चाल ठरलेली असते, पण ती घेऊन प्रत्येक वादक आपापल्या पाळीला नवे काही रचतो आणि फिरून मूळ चालीवर येतो. आपला गवई उपज घेतो, ताना घेतो आणि मुखडा पकडून समेवर येतो, त्याच जातीची ही करामत आहे. आणि ती कागदावर पुरती लिहिता येत नाही. कानानेच शिकावी लागते.

हा मुद्दा आपल्या मुलखाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पोरांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. तिथून कितीतरी वादक मुंबईला, हॉटेलांत आणि पुढे सिनेमात आले. कागद वाचण्यात ते पटाईत. पण जॅझची लकब कागदात नव्हती. ती मिळाली तबकडीतून आणि पाहुण्या वादकांकडून. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले. १९३६ मध्ये क्रिकेट स्मिथ यांच्या वृंदाच्या तबकड्या मुंबईतच मुद्रित झाल्या. हॉटेलात प्रवेश साहेबांना आणि श्रीमंतांना. तबकडीला मात्र दारावर कुणी अडवीत नसे. ती कुणाच्याही खोलीत वाजे. पुन्हा सुई ठेवावी, पुन्हा ऐकावे, मग आपल्या वाद्यावर काढून पाहावे. गोव्यातल्या हळदोणे गावचा अँटोनियो झेव्हियर वाझ हा ट्रम्पेट वाजवणारा पुढे ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

आता आपण म्हणाल, “गुरुजी, ताजमहाल हॉटेल राहिलं मुंबईत. आमच्या आंधळगावात हे कुठून यायचं?”

ते आले, आणि आपल्याला कळलेदेखील नाही! नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर हा मुलगा काही काळ नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकला. तोच पुढे संगीतकार सी. रामचंद्र झाला. मराठी कान, शास्त्रीय तालीम आणि शेजारी चिक चॉकलेटसारखा वादक. यातून १९५१ सालच्या ‘अलबेला’ची गाणी झाली. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक आणि नायक भगवान हे अमरावतीला जन्मलेले. त्यांच्या नाचामागे चिक चॉकलेट आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतो. १९५७ मध्ये ‘आशा’ चित्रपटातले ‘ईना मीना डीका’ आले आणि पोरासोरांच्या तोंडी बसले. कापसाच्या मळ्यातून निघालेल्या गाण्याच्या कुळातले हे धाकटे पोर. तंबूतल्या टॉकीजमधून, लग्नाच्या मांडवातून, बँडवाल्यांच्या पिपाणीतून ते आपल्या गल्लीत येऊन नाचून गेले.

याच काळात मुंबईत जॅझच्या शौकिनांची एक मंडळी जमली. निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी १९५२ मध्ये ‘ब्लू ऱ्हिदम’ नावाचे इंग्रजी मासिक काढले. परदेशी तबकडी मिळणे दुर्मीळ, म्हणून एकाला मिळालेली दहांनी ऐकायची, त्यावर वाद घालायचे, कोणता वादक कोणता ते ओळखायचे. १९५५ पासून अमेरिकेच्या लघुलहरी केंद्रावर विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम लागे. तोही कान देऊन ऐकायचा. या ऐकण्यातूनच १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ भरली आणि सनी रोलिन्ससारखे थोर वादक तिथे येऊन वाजवून गेले. ज्यांनी एकेक तबकडी हातोहात फिरवली, त्यांच्याच ओढीने गाणारे-वाजवणारे स्वतः दाराशी आले.

पण या कथेला एक दुःखाची बाजू आहे. पॅरामाउंट नावाच्या अमेरिकन कंपनीने खेड्यातल्या कितीतरी गायकांचे ब्लूज मुद्रित केले होते. १९३० नंतरच्या मंदीत ती बुडाली आणि गाण्यांचे धातूचे साचे मोडीत गेले. दुसऱ्या महायुद्धात लाख दारूगोळ्याच्या कामासाठी हवी झाली आणि हिंदुस्थानातून जहाजे जाणेही अवघड झाले. १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी लाखेचा वापर एकदम शेकडा ७० ने कमी केला. जुनी तबकडी परत द्या, मग नवी घ्या, असे दुकानदार सांगू लागले. जुन्या तबकड्या दळून, वितळवून नव्या केल्या गेल्या. किती माणसांचे आवाज असे विरघळून गेले असतील! आज काही ब्लूजची साऱ्या जगात एकेकच प्रत उरली आहे, आणि काहींची एकही नाही. जी उरली ती सरकारने किंवा कंपनीने सांभाळली म्हणून नव्हे. कुणा म्हातारीने पेटीत ठेवली आणि कुणा वेड्या शौकिनाने दारोदार हिंडून ती मिळवली, म्हणून ती उरली.

अशाच एका आवाजाची गोष्ट ऐका. टेक्सासमध्ये ब्लाइंड विली जॉन्सन नावाचा आंधळा गायक रस्त्यावर देवाची गाणी गाई. १९२७ मध्ये त्याने एक तबकडी दिली. तीत शब्द जवळजवळ नाहीतच. गिटार आणि नुसते कण्हणे, गुणगुणणे. रात्र पडली आहे आणि निजायला जागा नाही, असा त्याचा भाव. १९४५ मध्ये तो गरिबीतच गेला. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १९७७ मध्ये, अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. दूरच्या ताऱ्यांकडे कुणी असेल तर त्याला माणसाची ओळख पटावी, म्हणून दोन्ही यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली. कार्ल सेगन आणि त्यांच्या सोबत्यांनी साऱ्या पृथ्वीची गाणी निवडली. त्यात या आंधळ्या गायकाचे ते गाणे आहे. लुई आर्मस्ट्राँगचे एक ब्लूज आहे. आणि श्रोतेहो, हिंदुस्थानकडून त्या गाण्यांत एकच आवाज आहे. तो गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांचा. भैरवी, साडेतीन मिनिटांची. रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीताच्या अभ्यासकाने आग्रह धरला की हेच गाणे हवे. तबकडी सहजी मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती सापडली. एका माणसाला गाणे आवडले आणि त्याने ते दुसऱ्याला ऐकवले, एवढ्यावर ही भैरवी ताऱ्यांमधल्या अवकाशात जाऊन पोचली.

विचार करा. टेक्सासचा रस्त्यावरचा भिकारी आणि आपल्या केसरबाई शेजारी-शेजारी! गाण्याला जात नाही, रंग नाही, हे भाषणात सांगणे सोपे. त्या सोन्याच्या तबकडीने ते करून दाखवले.

आता आपल्या अंगणाकडे वळू. झाडीपट्टीत दंडार आहे, रोवणीची गाणी आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत. जाते घरातून गेले, गिरणी आली. ओवीचे बोट धरणारे कुणी राहिले नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे मोठे काम झाले. पण आपल्या गावची म्हातारी त्यात असेलच असे नाही. तिचा आवाज म्हणजे ज्याची एकच प्रत आहे अशी तबकडी, आणि ती प्रत दरवर्षी झिजते आहे.

गुरुजनांना माझी विनंती आहे. आता लाख नको, साचा नको, कारखाना नको. मुलांच्या घरी असलेला फोन पुरे. मुलांना सांगा, आजीचे गाणे त्यात घ्या. तिचे नाव, गाव, गाणे कोणत्या कामाच्या वेळचे आणि ती ते कुणाकडून शिकली, हे वहीत लिहा. मग महिन्यातून एक दिवस ती गाणी शाळेत सर्वांनी मिळून ऐका, गावकऱ्यांनाही बोलवा. गाणे नुसते साठवून ठेवले तर ते पेटीतल्या कोसल्यासारखे पडून राहते. ऐकवले तर त्याचा धागा निघतो. आणि अशा एखाद्या दिवशी आजीच्या ओवीनंतर त्या आंधळ्या विली जॉन्सनचे गाणेही लावा. भाषा न कळताही कोण मान डोलावतो ते पाहा. माझी खात्री आहे, ती आजी डोलावील.